'द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली': सावल्या चोख, इतिहास अपुरा

परदेशी पत्रकार आणि पेटलेला देश, या जोडीवर बेतलेल्या थरारपटांत पीटर वीअर यांच्या १९८२च्या या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची जागा अजूनही पहिल्या रांगेत आहे. यात मोर्चे आहेत, संचारबंदीत चुकवलेली नाकाबंदी आहे, शेवटी विमानतळाकडे धाव आहे. पण दोन तासांना थोडा कमी असलेला हा चित्रपट उभा आहे एका साध्या पेचावर. विश्वासाने कानावर घातलेली गोष्ट बातमी म्हणून द्यायची का? पत्रकारितेतला हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडणारे चित्रपट फार थोडे आहेत. मात्र ज्या देशात हे घडतं, त्या देशाचं पुढे काय झालं हे समजून घ्यायला हा चित्रपट पुरत नाही. बघण्याआधी या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

स्थळ इंडोनेशियाची राजधानी जाकार्ता, काळ १९६५चा मध्य. गाय हॅमिल्टन (मेल गिब्सन) हा ऑस्ट्रेलियन नभोवाणीचा वार्ताहर पहिल्याच परदेशी नेमणुकीवर येतो. आधीचा वार्ताहर त्याला न भेटताच निघून गेलेला असतो, म्हणजे ओळखी नाहीत, फोन नंबर नाहीत, कोणत्या मंत्र्याचा सचिव बोलतो आणि कोणाचा बोलत नाही याचा पत्ता नाही. कॅमेऱ्याच्या करामतींपेक्षा हा तपशील जास्त बोलका आहे. परदेशी वार्ताहराची खरी मिळकत म्हणजे त्याच्या आधीच्या माणसाची वही. ती मिळाली नाही की पहिले काही आठवडे सरकारी पत्रकं आणि हॉटेलच्या बारमधल्या गप्पा यांवरच बातम्या भागवाव्या लागतात. हॅमिल्टनचंही तेच होतं. त्याच्या पहिल्या बातम्या पाणचट निघतात आणि बारमधली मुरलेली मंडळी त्याची मजा बघत बसतात.

इथे बिली क्वान येतो. चिनी-ऑस्ट्रेलियन, बुटका, स्वतंत्रपणे काम करणारा छायाचित्रकार. गावभर त्याच्या ओळखी. तो हॅमिल्टनला कम्युनिस्ट पक्षाचे नेते आयदित यांची मुलाखत मिळवून देतो आणि नवख्या बातमीदाराचं नाव एका रात्रीत होतं. या मुलाखतीचं वजन कळायला एक आकडा लक्षात ठेवावा. इंडोनेशियन कम्युनिस्ट पक्षाचे, म्हणजे पीकेआयचे, तेव्हा सुमारे ३० लाख सभासद होते. सोव्हिएत संघ आणि चीन वगळता जगात इतका मोठा कम्युनिस्ट पक्ष दुसरा नव्हता. चित्रपटात ही मुलाखत हॅमिल्टनच्या कारकिर्दीची पायरी होते आणि कथा पुढे सरकते. प्रत्यक्षात आयदितना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने पकडून, खटला न चालवता गोळ्या घातल्या. हे माहीत असलं की तो प्रसंग वेगळाच दिसू लागतो.

आता तो मुख्य पेच. ब्रिटिश दूतावासात काम करणाऱ्या जिल ब्रायंटला (सिगर्नी वीव्हर) एका गुप्त संदेशातून कळतं की शांघायहून पीकेआयसाठी शस्त्रांचं जहाज निघालं आहे. म्हणजे यादवी जवळ आली. ती हे हॅमिल्टनला सांगते ते त्याने वेळेत देश सोडावा म्हणून. तो ते ऐकतो आणि त्याला त्यात बातमी दिसते. पडताळणी केल्याशिवाय काही देणार नाही, अशी त्याची भूमिका. वरवर पाहता ती धंद्याच्या नियमाला धरूनच आहे: दुसरा सूत्र मिळाला की पहिल्याचं नाव घ्यायची गरज उरत नाही.

चित्रपटाची खरी हुशारी इथे आहे. हा नियम अशा ठिकाणी का कोसळतो ते तो भाषण न देता दाखवतो. जी गोष्ट अख्ख्या शहरात चार-पाच माणसांनाच ठाऊक आहे, तिच्याबद्दल तुम्ही नुसता प्रश्न विचारलात तरी विचारणाऱ्याला ती कुठून कळली हे उघड होतं. दुसरा सूत्र मिळाला म्हणून पहिल्याच्या पावलांचे ठसे पुसले जात नाहीत. शिवाय हॅमिल्टन आणि जिल यांचे संबंध गावभर माहीत. म्हणजे बातमी छापून येण्याआधीच, चौकशीच्या पहिल्या फेरीत, जिलचा घात झालेला असतो. गिब्सन हा भाग चांगला वठवतात. खलनायकी काही नाही. एक तरुण माणूस स्वतःलाच पटवून देतो आहे की आपण सगळं नियमाने करतो आहोत. नवोदित पत्रकारांच्या वर्गात दाखवावा असा हा अर्धा तास आहे.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटात एक जादा वाट सापडते, ती वायांगची. वायांग कुलित म्हणजे जावामधला चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. म्हशीचं कातडं तासून, कोरून, रंगवून बाहुली करतात. शिंगाच्या काड्यांवर ती पेलतात. हात खांद्यात आणि कोपरात हलतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा टांगलेला असतो, खाली केळीचा सोट आडवा ठेवून त्यात बाहुल्या खोचतात. रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो आणि या सगळ्या वेळात एकटा माणूस, दालांग, सर्व पात्रांचे आवाज काढतो, गामेलान या तिथल्या वाद्यवृंदाच्या वादकांना इशारे देतो, पेटीवर ठोके मारून ताल राखतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. पिंगुळीत रामायण चालतं, जावात महाभारताची चलती जास्त.

चित्रपटात बिली हॅमिल्टनला या बाहुल्या दाखवतो आणि सांगतो की बाहुलीकडे नाही, सावलीकडे बघ. मग तो ओळख करून देतो. हा अर्जुन: वीर आहे, पण चंचल आणि स्वार्थीही होऊ शकतो. ही श्रीकांडी: मानी, हट्टी. आणि हा सेमार: राजपुत्राची सेवा करणारा बुटका. पाश्चात्त्य प्रेक्षकाला इथे नुसती नावं ऐकू येतात. आपल्याला अर्जुन लगेच कळतो, आणि नेमकी इथेच आपली गफलत होण्याची शक्यता आहे. जावातली श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी नव्हे. तिथे ती पूर्ण स्त्री आहे, धनुर्धर आहे, अर्जुनाची शिष्या आणि पुढे त्याची पत्नी. भीष्माचा वध तिच्याच हातून होतो. अर्जुनाने तिच्या आडून बाण मारले ही आपली कथा मनात ठेवून चित्रपट बघितलात तर जिल ही ढाल वाटेल. जावाची कथा धरलीत तर ती बरोबरीची योद्धा आहे, आणि तिला ढालीसारखं वापरलं जाणं हाच अर्जुनाचा अपराध ठरतो. चित्रपटाला हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

सेमार तर आपल्या महाभारतात नाहीच. तो जावाचा स्वतःचा. ढेरपोट्या, विदूषकासारखा, पांडवांचा चाकर. पण मुळात देव, आणि वेळ आली की इतर देवांनाही फटकारणारा. त्याच्या रूपात पुरुषाच्या आणि स्त्रीच्या दोन्ही खुणा असतात. बिलीची भूमिका लिंडा हंट या अभिनेत्रीने केली आहे हे लक्षात घेतलं तर ही निवड वायांगच्या परंपरेत किती चपखल बसते ते दिसेल. बिलीची शोकांतिकाही इथेच आहे. तो आहे सेमार, पण स्वतःला समजतो दालांग. ओळखीच्या प्रत्येक माणसाची तो फाइल ठेवतो, हॅमिल्टन आणि जिल यांची गाठ घालून देतो, आपल्या काड्यांवर माणसं नाचतील अशी त्याची श्रद्धा असते. माणसं नाचत नाहीत.

हंट यांचं काम या चित्रपटाचं मोठं धन आहे. उंची चार फूट नऊ इंच, केस कापलेले, आवाजात एक जुनाट, शिक्षकी जरब. काही मिनिटांतच नट कोण याचा विचार मनातून जातो. १९८४च्या समारंभात त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. स्वतःपेक्षा वेगळ्या लिंगाचं पात्र साकारून ऑस्कर जिंकणारी ती पहिलीच व्यक्ती. तरीही एक गोष्ट दडवू नये. गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीला रंगभूषेने चिनी वंशाचं करण्यात आलं आहे, आणि ते आज डोळ्यांना बोचतं. ज्या वर्षाची कथा आहे त्याच्या अखेरीस इंडोनेशियातल्या चिनी वंशाच्या लोकांवर हल्ले झाले हे ध्यानात घेता ते अधिकच बोचतं.

बाकी इंडोनेशियन पात्रांच्या वाट्याला हात आखडूनच जागा आली आहे. हॅमिल्टनचा मदतनीस कुमार हा अपवाद. फिलिपिनो नट बेंबोल रोको यांनी त्याला थोडक्या वेळात पूर्ण माणूस केलं आहे. तो दिवसा परदेशी साहेबाच्या बातम्यांचा अनुवाद करतो आणि पक्षाचं कामही करतो. परदेशी वार्ताहराचं सगळं काम अशा स्थानिक मदतनिसावर चालतं: भाषा, गाडी, ओळखी, कोणत्या गल्लीत शिरायचं नाही ही अक्कल. गडबड झाली की साहेब विमानात बसतो, मदतनीस मागे राहतो. चित्रपटाला हे कळलेलं आहे, पण तो कुमारच्या मागे जात नाही. डच काळातल्या जुन्या बंगल्यातला, पोहण्याच्या तलावाचा प्रसंग नीट बघा. साहेबाला या देशाबद्दल किती कमी ठाऊक आहे ते तिथे कळतं.

पडद्यावरचं जाकार्ता हे जाकार्ता नाही. सुकार्णोंनंतर सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या राजवटीत तिथे चित्रीकरण शक्यच नव्हतं, म्हणून ते फिलिपिन्समध्ये सुरू झालं. तिथेही मंडळींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि उरलेलं काम सिडनीत पुरं करावं लागलं. गर्दीतले चेहरे बरेचसे फिलिपिनो आहेत आणि इंडोनेशियन भाषा जाणणाऱ्याला उच्चारांतली फारकत लगेच कळते. तरीही रसेल बॉइड यांच्या कॅमेऱ्याने दमट हवा, कालव्याकाठच्या झोपड्या आणि संध्याकाळचा पिवळट उजेड असा काही पकडला आहे की ही उणीव फार वेळ जाणवत नाही. मोरिस जार यांच्या मूळ संगीतात व्हॅन्जेलिस यांची एक धून मिसळली आहे. ब्रिटिशांच्या मेजवानीतून बाहेर पडून दोघं संचारबंदीत गाडी हाकतात, नाकाबंदी तोडतात, मागून गोळ्या येतात, ती धून वाजते तो हा प्रसंग. अतिशय सुंदर, आणि म्हणूनच धोक्याचा. दुसऱ्याच्या देशातलं संकट परदेशी माणसाला कसं मादक वाटू शकतं, याचा इतका प्रामाणिक पुरावा क्वचितच सापडेल. मधला बराच वेळ मात्र प्रेमकथा खाते. तिथे दहा मिनिटं कमी असती तर कुमारला मिळाली असती.

इतिहासाच्या बाजूने या चित्रपटाचा हिशोब थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण बघणारा बहुधा तीच गोष्ट खरी मानून उठतो.

शीर्षक आलं आहे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांच्या १७ ऑगस्ट १९६४च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणातून. येणारं वर्ष त्यांनी 'विवेरे पेरिकोलोसो', म्हणजे धोक्यात जगण्याचं वर्ष, असं म्हटलं होतं. शब्द इटालियन, सभा इंडोनेशियन. तेव्हा मलेशियाशी 'कोनफ्रोन्तासी' नावाचा संघर्ष चालू होता. जानेवारी १९६५मध्ये इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रांतून बाहेर पडला. महागाई वर्षाला सहाशे टक्क्यांच्या आसपास गेली. सुकार्णो राष्ट्रवाद, धर्म आणि साम्यवाद या तिन्ही शक्तींना 'नासाकोम' या एका शब्दात बांधून स्वतः मधोमध उभे होते. एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला पीकेआय. याच सुकार्णोंना भारताने १९५०च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनी पाहुणे म्हणून बोलावलं होतं, आणि सप्टेंबर १९६५च्या भारत-पाक युद्धात जाकार्तामधल्या भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. पंधरा वर्षांत वारं किती फिरलं होतं याची यावरून कल्पना येते. हा ताण चित्रपटात जाणवतो. तांदळासाठीची मारामार, भिंतींवरच्या घोषणा, गोऱ्या माणसाकडे बघण्याची नजर, हे सगळं बरोबर उतरलं आहे.

अडचण होते ती घटनाक्रमात. ३० सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षक दलातल्या लेफ्टनंट कर्नल उन्तुंग यांच्या गटाने सहा जनरल आणि एक लेफ्टनंट यांना पळवून ठार मारलं. तो लेफ्टनंट मारला गेला कारण त्याला जनरल नासुत्योन समजलं गेलं. नासुत्योन भिंतीवरून उडी मारून निसटले. जनरल सुहार्तोंनी दोन दिवसांच्या आत नभोवाणी केंद्र आणि हालिमचा हवाई तळ परत घेतला. चित्रपट हे सगळं धूसर ठेवतो आणि लगेच रस्त्याकडेला माणसांना गोळ्या घातल्या जाताना दाखवतो. वास्तवात मोठ्या प्रमाणावरच्या कत्तली ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मध्य जावात सुरू झाल्या, मग पूर्व जावात, डिसेंबरमध्ये बालीत. अनेक महिने चाललेलं, लष्कराने आखलेलं आणि स्थानिक टोळ्यांकडून करवून घेतलेलं ते काम होतं. मृतांचा सर्वसाधारणपणे दिला जाणारा अंदाज ५ लाख, काही अभ्यासक १० लाखांपर्यंत जातात. दोन दिवसांचा गोंधळ म्हणून हे बघितलं तर त्यामागची योजना नजरेआड होते.

शस्त्रांच्या जहाजाचंही तसंच. कामगार-शेतकऱ्यांच्या 'पाचव्या दला'ची कल्पना पीकेआयने मांडली होती आणि चीनने त्यासाठी शस्त्रं देऊ केली होती, हे खरं. पण कथेतलं जहाज ही कथेची गरज आहे. त्याने नकळत एक गोष्ट होते: उठाव कम्युनिस्टांचा आणि लष्कराचं ते फक्त प्रत्युत्तर, अशी सुहार्तोंच्या राजवटीने तीस वर्षं शिकवलेली गोष्टच प्रेक्षकाच्या मनात पक्की होते. त्या राजवटीने स्वतःचा एक चित्रपट काढला होता. १९९८पर्यंत तो दर वर्षी ३० सप्टेंबरला दूरदर्शनवर दाखवला जाई. मारलेल्या जनरलांच्या देहांची कम्युनिस्ट स्त्रियांनी विटंबना केली ही लष्करी वृत्तपत्रांनी पसरवलेली कहाणी त्यात होती, आणि शवविच्छेदनाच्या अहवालात तिला काहीही आधार नव्हता. परदेशी बातमीदारांनीही तेव्हा यातलं बरंच जसंच्या तसं पुढे पाठवलं, कारण बाकीची वृत्तपत्रं बंद झाली होती आणि हाताशी लष्कराचीच पत्रं आणि नभोवाणी उरली होती. सावलीकडे बघ, असं बिली सांगतो. दिवा कोणी धरला आहे हा प्रश्न मात्र चित्रपट विचारत नाही. अमेरिकन दूतावासाला कत्तलींची किती बारकाईने माहिती होती हे २०१७ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतून दिसतं. १९८२च्या दिग्दर्शकाला ते हाताशी नव्हतं, म्हणून त्याला दोष देता येत नाही. आजच्या प्रेक्षकाने ते जोडून घ्यावं.

आणखी एक तपशील, तोही वायांगचाच. ११ मार्च १९६६ रोजी सुकार्णोंनी ज्या पत्रावर सही करून सुहार्तोंच्या हाती अधिकार दिले, त्या पत्राचं लघुरूप 'सुपरसेमार' असं करण्यात आलं. सेमारचं नाव, आणि तेही 'सुपर'. चित्रपटाची कथा याआधीच संपते, पण बिलीने हातात धरलेली ती बाहुली पुढे कोणाच्या कामी आली, हे ठाऊक असावं.

क्रिस्टोफर कॉख यांच्या ज्या १९७८च्या कादंबरीवर हा चित्रपट आहे, तिच्यात निवेदक हा बारमधलाच एक पत्रकार असतो. चित्रपटाने त्याला काढून टाकून निवेदन बिलीकडे दिलं. त्यामुळे गती आली, पण बारमधल्या त्या टोळक्याचा, त्यांच्या मत्सराचा आणि एकटेपणाचा रंग फिका पडला. कादंबरी मिळाली तर नंतर वाचावी; आधी वाचलीत तर पडद्यावरची मंडळी पातळ वाटतील.

बघताना थोडी काळजी घ्यावी. फोनवर बघू नये. निम्मे प्रसंग रात्रीचे किंवा सावलीतले आहेत आणि लहान पडद्यावर वायांगच्या कडा विरघळून जातात. खोली अंधारी ठेवा, आवाज चांगल्या स्पीकरवर घ्या, नाहीतर गामेलानचे खालचे ठोके ऐकूच येणार नाहीत. इंग्रजी सबटायटल लावा, कारण वीव्हर आणि गिब्सन दोघंही कुजबुजतात. इंडोनेशियन संवादांचा अर्थ सगळीकडे दिलेला नाही. तो न कळणं हॅमिल्टनच्या बाजूने बघण्याचाच भाग आहे, त्यामुळे थांबून शोधत बसू नका. उपाशी मूल, आजार, मृत्यू पडद्यावर आहेत. रक्तपात फार नाही, पण बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना हे झेपणार नाही. सुकार्णो, आयदित, सुहार्तो, पीकेआय आणि नासाकोम ही पाच नावं आधी माहीत असली तर पहिला अर्धा तास हातातून निसटत नाही. आणि बिली बाहुल्यांची ओळख करून देतो तो प्रसंग संपला की एकदा मागे जाऊन पुन्हा बघा, या वेळी हॅमिल्टनच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून. अर्जुनाबद्दल बिली जे सांगतो, ते तो ऐकत असतो का, एवढंच पाहा.